प्रिंटर सापडत नाही, म्हणजे नेमके काय?



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार वारंवार दिसते. जुन्या संगणकावर लिनक्स टाकले आणि प्रिंटर सापडेनासा झाला. ही पत्रे आताच का वाढली, हे समजण्यासारखे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आपल्या घरांतले आठ-दहा वर्षांचे संगणक त्यात बसत नाहीत. म्हणून अनेक घरांत मुलांनी, भाच्या-पुतण्यांनी जुन्या संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून दिले. संगणक पुन्हा चपळ झाला, पैसेही वाचले. अडले ते छपाईपाशी.

सोलापूरच्या एका भगिनींचे पत्र त्यातलेच. त्या लिहितात :

"भाईसाहेब, मी घरी मोहल्ल्यातल्या मुलांची शिकवणी घेते आणि लोकांचे फॉर्म भरून देते. शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद, दहावीच्या मुलांसाठी सराव प्रश्नपत्रिका, सगळे घरच्या प्रिंटरवर निघते. मुलांच्या अब्बांच्या इंतेकालनंतर घर यावरच चालते. दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने संगणकावर लिनक्स मिंट टाकले. संगणक छान चालतो, पण तेव्हापासून प्रिंटर सापडत नाही. भाचा पुण्याला हॉस्टेलवर परत गेला. दुकानदार म्हणतो, लिनक्सवर प्रिंटर चालतच नाहीत, नवा घ्या. नव्याचे बारा-तेरा हजार सांगतो. गेले वीस दिवस मी पेनड्राइव्ह घेऊन चौकातल्या दुकानात जाते आणि पानाला पाच रुपये देते. काय करू?"

आमचे पहिले उत्तर एका ओळीचे होते : अजून काहीही विकत घेऊ नका. त्याचे कारण या लेखात सविस्तर देत आहे, कारण त्याचा उपयोग अशा प्रत्येक घराला होईल.

दुकानदाराचे म्हणणे खरे आहे का?

सरसकट पाहिले तर नाही. लिनक्समध्ये छपाईचे काम 'कप्स' नावाची व्यवस्था करते. मायकेल स्वीट यांनी ती १९९७ साली लिहायला घेतली आणि १९९९ साली ती लोकांपुढे आली. ॲपलने २००२ साली आपल्या मॅक संगणकांसाठीही हीच व्यवस्था स्वीकारली. म्हणजे जगातील मोठमोठ्या छपाई-कार्यालयांत ज्या मॅकवरून कागद निघतात, त्यांच्या आणि आपल्या घरच्या लिनक्सच्या छपाईचे मूळ एकच आहे.

पण दुकानदाराच्या म्हणण्यात थोडे तथ्यही आहे. काही ठरावीक प्रिंटरना कंपनीकडून एक जादा तुकडा आणावा लागतो आणि तो लिनक्ससोबत आपोआप येत नाही. त्याविषयी पुढे येईलच.

खरी अडचण 'सापडत नाही' या शब्दांत आहे. पोरगा शाळेत पोहोचला नाही असे कळले तर आपण आधी विचारतो, घरातून निघाला का, रिक्षा आली का, फाटकातून आत गेला का, वर्गात बसला का. प्रिंटरचेही तसेच चार टप्पे आहेत : वायर, ओळख, ड्रायव्हर आणि रांग. यापैकी कोणताही टप्पा तुटला तरी पडद्यावर दिसते ते एकच, प्रिंटर नाही. उपाय मात्र प्रत्येक टप्प्याचा वेगळा आहे. वायर खराब असताना ड्रायव्हर बदलून उपयोग नाही आणि ड्रायव्हर नसताना नवी वायर आणून उपयोग नाही. म्हणून टप्पे क्रमाने तपासायचे.

आज्ञा कशा टाइप करायच्या?

दोन-तीन ठिकाणी आपल्याला 'टर्मिनल' नावाच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागेल. कंट्रोल, आल्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबली की ती उघडते. इथे आज्ञेतील अक्षरे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. तुम्ही ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. अक्षरांच्या मध्ये छापलेल्या बारीक रेघा केवळ वाचण्याच्या सोयीसाठी आहेत, त्या टाइप करू नका. जिथे खरोखर आडवी रेघ हवी तिथे 'वजा' असे लिहिले आहे आणि 'जागा' म्हणजे स्पेसबार. शेवटी एंटर दाबायचे. खाली दिलेल्या पहिल्या तीन आज्ञा फक्त माहिती दाखवतात. त्यांनी संगणकात काहीही बदलत नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

पहिला टप्पा : वीज आणि वायर

प्रिंटर चालू आहे ना, त्याचा दिवा स्थिर आहे ना, हे आधी पाहा. कागद संपला असेल, झाकण नीट बसले नसेल किंवा कागद अडकला असेल तर दिवा लुकलुकतो. तो दोष आधी दूर करा.

लेझर प्रिंटर घरच्या लहान यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर जोडू नका. कागदावर शाई पक्की करण्यासाठी त्यातला रूळ तापतो आणि त्या क्षणी तो शेकडो वॉट वीज ओढतो. लहान यूपीएसला ते झेपत नाही आणि प्रिंटर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. संगणकाच्या दृष्टीने तो तेवढ्यात गायब झालेला असतो. त्याला भिंतीतल्या पॉइंटवरून थेट वीज द्या.

आता वायर. प्रिंटरच्या बाजूला चौकोनी आणि संगणकाच्या बाजूला चपटे टोक असलेली यूएसबी वायर आपण वापरतो. ती दोन्हीकडून काढून घट्ट बसवा. संगणकाच्या पुढच्या बाजूच्या खाचेत लावली असेल तर मागच्या बाजूच्या खाचेत लावा, कारण मागच्या खाचा थेट मुख्य बोर्डावर असतात. मध्ये यूएसबी हब किंवा जोडवायर असेल तर तूर्त काढा. वायर पाच मीटरपेक्षा लांब नसावी. यूएसबी २.० ची मर्यादा तेवढीच आहे आणि स्वस्त वायर त्याआधीच दगा देते.

दुसरा टप्पा : संगणकाला कोणी दिसते आहे का?

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. प्रिंटर बंद ठेवा. टर्मिनल उघडा आणि टाइप करा :

एल-एस-यू-एस-बी

यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येईल. माऊस, कीबोर्ड, कॅमेरा असे काही दिसेल. ओळी मोजून ठेवा. आता प्रिंटर चालू करा, अर्धा मिनिट थांबा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. एक ओळ वाढली का?

वाढली असेल तर तीच तुमच्या प्रिंटरची ओळ. तीत बहुधा कंपनीचे नाव असते. नाव नसले तरी चार-चार चिन्हांचे दोन गट असतात आणि त्यातला पहिला गट कंपनीचा असतो. एचपीचा ०३एफ०, कॅननचा ०४ए९, एप्सनचा ०४बी८ आणि ब्रदरचा ०४एफ९. ही ओळ आली म्हणजे वायर ठीक आहे, प्रिंटरचा आतला बोर्ड जिवंत आहे आणि लिनक्सच्या गाभ्याने त्याची दखल घेतली आहे. अर्धी लढाई तिथेच जिंकली.

ओळ वाढलीच नाही, तर लिनक्सला बोल लावू नका. त्या परिस्थितीत विंडोज असते तरी प्रिंटर दिसला नसता. दोष वायरीत, खाचेत किंवा प्रिंटरमध्ये आहे. शेजाऱ्यांकडून वायर मागून आणा, दुसरी खाच वापरून पाहा. तरीही ओळ आली नाही तर प्रिंटर दुसऱ्या कोणाच्या संगणकाला जोडून बघा. तिथेही दिसत नसेल तर तो दुरुस्तीला न्यावा लागेल.

सोलापूरच्या भगिनींनी हा प्रयोग केला. दोन्ही वेळा ओळी सारख्याच आल्या. संगणक साफ करताना भाच्याने वायर पुढच्या खाचेत लावली होती आणि ती खाच सैल होती. मागच्या खाचेत लावल्यावरही ओळ येई-जाई. शेजारच्या मुलीकडची वायर लावताच ओळ कायम राहिली. वीस दिवस जो दोष लिनक्सच्या नावावर जमा होता, तो निम्मा तरी वायरीचा होता. पण कागद अजून निघत नव्हता, म्हणून आम्ही पुढच्या टप्प्याकडे वळलो.

तिसरा टप्पा : छपाई-व्यवस्था आणि ड्रायव्हर

संगणकाने प्रिंटर पाहिला, पण 'कप्स'ने पाहिला का? आधी कप्स चालू आहे का ते विचारा :

एल-पी-एस-टी-ए-टी जागा वजा आर

उत्तरात 'शेड्युलर इज रनिंग' अशा अर्थाची ओळ आली तर ठीक. नाही आली तर संगणक बंद करून पुन्हा चालू करा. त्याने बहुधा काम होते. तरीही चालू नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'कप्स' शोधून ते बसवून घ्या. मग ही आज्ञा द्या :

एल-पी-आय-एन-एफ-ओ जागा वजा व्ही

यात बऱ्याच ओळी येतात आणि इथे पुष्कळांची फसगत होते. ज्या ओळींच्या सुरुवातीला 'नेटवर्क' हा शब्द असून पुढे एखादेच लहान नाव आहे, त्या फक्त जोडण्याच्या पद्धती आहेत. त्यांचा अर्थ प्रिंटर सापडला असा होत नाही. 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होणारी आणि पुढे 'यूएसबी' किंवा 'एचपी' लिहून तुमच्या प्रिंटरचे पूर्ण नाव देणारी ओळ शोधा. ती असेल तर कप्सलाही प्रिंटर दिसतो आहे.

आता उरला ड्रायव्हर, म्हणजे संगणकाची भाषा प्रिंटरच्या भाषेत सांगणारा दुभाषी. मेनू उघडा, शोधाच्या चौकटीत 'प्रिंटर्स' लिहा आणि उघडलेल्या खिडकीत नवा प्रिंटर जोडण्याचे बटण दाबा. बऱ्याच प्रिंटरसाठी दुभाषी लिनक्समध्ये आधीच असतो. नाव निवडायचे, पुढे-पुढे जायचे, चाचणीचे पान काढायचे, झाले.

इथे एक अडथळा येतो. संगणक पासवर्ड मागतो आणि तुमचा पासवर्ड तो नाकारतो. याचा अर्थ संगणकावर दोन खाती आहेत आणि तुमचे खाते साधे आहे. नवा प्रिंटर जोडण्याचा अधिकार ज्याने लिनक्स टाकले त्याच्या खात्याला आहे. भाचा-पुतण्या घरी असतानाच पासवर्ड विचारून डायरीत लिहून ठेवा. तुमच्या घरच्या संगणकाची किल्ली तुमच्याकडेच असायला हवी.

कंपनीचा जादा तुकडा कोणाला लागतो?

दुकानदाराच्या बोलण्यातले तथ्य इथे आहे. आपल्याकडे घरोघरी दिसणारे काही लेझर प्रिंटर स्वस्त ठेवण्यासाठी त्यांच्या आत फार कमी स्मृती दिलेली असते. एचपीचे लेझरजेट १०१८, १०२०, पी १००७, पी १००८ हे त्यातले. हे प्रिंटर चालू झाले की त्यांना स्वतःची चालक-प्रणालीही आठवत नाही. ती प्रत्येक वेळी संगणकाने वायरीतून पाठवावी लागते. विंडोजमध्ये हे काम पडद्यामागे होत असे, म्हणून आपल्याला कळले नाही. लिनक्समध्ये एचपीने 'एचपीलिप' नावाचे सॉफ्टवेअर दिले आहे. ते मिंट आणि उबुंटूत सहसा असतेच. पण पाठवायची ती चालक-प्रणाली 'प्लगइन' या वेगळ्या तुकड्यात आहे आणि तो एकदा इंटरनेटवरून घ्यावा लागतो. त्यासाठी आज्ञा :

एच-पी वजा एस-ई-टी-यू-पी जागा वजा आय

संगणक एकेक प्रश्न विचारतो. बहुतेक ठिकाणी एंटर दाबले तरी चालते. प्लगइन उतरवू का असे विचारले की होकार द्या, अटी मान्य करा आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत. तो दोष नाही, तशीच पद्धत आहे. ही आज्ञा आधीच्या तीन आज्ञांसारखी केवळ माहिती दाखवणारी नाही, ती संगणकात सॉफ्टवेअर बसवते, हे लक्षात असू द्या.

भगिनींचा प्रिंटर याच जातीचा निघाला. घरी इंटरनेटची वायर नव्हती, तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. पासवर्ड भाच्याने फोनवरून सांगितला. प्लगइन बसल्यावर प्रिंटर एकदा बंद करून चालू केला आणि चाचणीचे पान बाहेर आले. त्याच संध्याकाळी दहावीच्या मुलांची गणिताची प्रश्नपत्रिका घरीच निघाली. खर्च झाला तो एका नव्या वायरीचा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एचपीलिप आणि प्लगइन यांची आवृत्ती एकच असावी लागते. लिनक्सचे अपडेट झाल्यावर चालता प्रिंटर अचानक थांबला तर आधी हीच आज्ञा पुन्हा चालवा.

इतर काही प्रिंटरविषयी थोडक्यात :

एचपी लेझरजेट पी ११०० मालिकेत 'स्मार्ट इन्स्टॉल' नावाची सोय असते. त्यामुळे प्रिंटर जोडल्यावर तो आधी सीडी असल्यासारखा दिसतो. फाइलींच्या खिडकीत प्रिंटरच्या नावाची सीडी दिसली तर ही सोय बंद करून घ्यावी लागते.

कॅननचा एलबीपी २९०० हा आपल्याकडचा आणखी एक लाडका प्रिंटर. तो 'कॅप्ट' नावाची कॅननची खास भाषा बोलतो. कॅननने लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हर दिला आहे, पण तो बसवणे किचकट आहे आणि त्यासोबत एक वेगळी सेवाही चालू ठेवावी लागते. घरात जाणकार नसेल तर हा उद्योग एकट्याने करू नका. जाणकाराला बोलवा आणि त्याच्याकडून केलेल्या पायऱ्या कागदावर लिहून घ्या.

एप्सनच्या शाईटाकीच्या अनेक प्रिंटरसाठी आणि ब्रदरच्या बहुतेक प्रिंटरसाठी कंपनीने लिनक्सचे ड्रायव्हर दिलेले आहेत. ते घेताना मिंट आणि उबुंटूसाठी 'डेब' प्रकारची फाइल निवडायची. ती नेहमी कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्या, तिसऱ्याकडून नको.

एका प्रिंटरने काय घडवले?

हा जादा तुकडा कंपनीच्या मुठीत का असतो, असा प्रश्न कोणालाही पडेल. या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय केली होती. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जाई आणि कोणीतरी उठून कागद काढी. नव्या प्रिंटरला तीच सोय करायची होती, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कोणी देईना. दुसऱ्या विद्यापीठातील एकाकडे तो होता. त्यानेही दिलेल्या शब्दाने बांधलो आहे म्हणून नकार दिला.

वापरणाऱ्याला आपल्याच यंत्राचा दोष दूर करता येऊ नये, ही गोष्ट स्टॉलमन यांना लागली. १९८३ साली त्यांनी कोणालाही वापरता, पाहता आणि सुधारता येईल अशा सॉफ्टवेअरचा 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. या दोन्हींच्या मिलाफातून आज आपल्या घरच्या जुन्या संगणकावर चालणारी प्रणाली उभी राहिली. प्रिंटरचा तुकडा शोधताना वैताग आला तर एवढे आठवावे की या सगळ्या खटाटोपामागे एका अडलेल्या प्रिंटरचाही हात आहे.

चौथा टप्पा : रांग

आता असे समजा की वायर ठीक आहे, ओळख पटली आहे, ड्रायव्हर आहे, कालपर्यंत कागदही निघत होता, आणि आज काहीच होत नाही. अशा वेळी रांग पाहा. आपण छापायला दिलेली प्रत्येक वस्तू कप्सच्या रांगेत जाते. कागद अडकला किंवा मध्येच लाइट गेली, तर पुष्कळदा कप्स त्या प्रिंटरला थांबवून ठेवतो. लाइट आल्यावर तो आपोआप सुरू होत नाही. लोक पुन:पुन्हा छपाईचे बटण दाबतात आणि रांगेत तीच फाइल दहा वेळा जमते.

उपाय सोपा आहे. 'प्रिंटर्स'ची खिडकी उघडा, प्रिंटरच्या चित्रावर उजवे बटण दाबा आणि रांग पाहा. अडकलेली कामे रद्द करा. मग पुन्हा उजवे बटण दाबून प्रिंटर 'एनेबल्ड' आहे ना ते पाहा, नसेल तर खूण करा.

याच खिडकीत कधी एकाच प्रिंटरची दोन-तीन चित्रे दिसतात. निरनिराळ्या वेळी जोडताना ती तयार झालेली असतात. ज्यावरून चाचणीचे पान निघते तेवढे ठेवा, बाकीची काढून टाका आणि राहिलेल्याला 'डिफॉल्ट' करा. शिवाय छापताना वरच्या यादीत 'प्रिंट टू फाइल' निवडलेले असेल तर कागद निघणारच नाही, संगणक फक्त फाइल बनवील. एवढे एकदा डोळ्यांखालून घाला.

वायफायचा प्रिंटर असेल तर

वायफायने जोडलेल्या प्रिंटरला वरचे यूएसबीचे टप्पे लागू नाहीत. तिथे प्रश्न एकच, संगणक आणि प्रिंटर एकाच जाळ्यात आहेत का? घरातल्या राउटरची दोन नावे असतात, एक २.४ गिगाहर्ट्झचे आणि एक ५ चे. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ वर जातात. दोन्ही एकाच राउटरची असतील तर सहसा अडत नाही, पण पाहुण्यांसाठी केलेल्या 'गेस्ट' जाळ्यावर संगणक असेल तर त्याला प्रिंटर दिसत नाही, कारण गेस्ट जाळे घरातल्या वस्तू मुद्दाम लपवते. राउटर बदलल्यावर प्रिंटर जुन्याच नावाची वाट पाहत बसतो, हेही नेहमीचे आहे. प्रिंटरच्या मेनूतून त्याला नव्या वायफायचे नाव आणि पासवर्ड पुन्हा द्या.

पुढेमागे प्रिंटर घ्यायचाच झाला, जुना असो वा नवा, तर खोक्यावर 'एअरप्रिंट' लिहिले आहे का ते पाहा. ॲपलने २०१० साली आणलेली ही सोय असलेला प्रिंटर जवळजवळ नेहमीच लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. पैसे देण्याआधी 'ओपनप्रिंटिंग' या संस्थेच्या यादीत त्याचे नाव शोधा. लिनक्सवर कोणता प्रिंटर कसा चालतो याची माहिती तिथे मिळते.

लोकांचे कागद ही अमानत आहे

ज्या भगिनी-बंधूंकडे दुसऱ्यांची कामे येतात त्यांच्यासाठी एक आग्रहाची सूचना. लोक आपल्यापाशी आधार कार्ड, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचे दाखले विश्वासाने देतात. ते कागद छापले की संपत नाहीत. अडकलेले काम रांगेत तसेच राहते आणि छापून झालेल्या फाइलीही कप्स नेहमीच्या मांडणीत सुमारे एक दिवस आपल्याकडे ठेवतो. म्हणून संगणक दुरुस्तीला देण्याआधी रांग रिकामी करा आणि लोकांच्या फाइली काढून घ्या. कोणी दुरून संगणकात शिरून प्रिंटर लावून देतो म्हणाला, तर ओळखीचा आणि भरवशाचा माणूस असल्याशिवाय परवानगी देऊ नका.

तसेच कोणी पाठवलेली लांबलचक आज्ञा समजून न घेता टर्मिनलमध्ये टाकू नका. विशेषतः 'सुडो' या शब्दाने सुरू होणाऱ्या आज्ञेला संगणकात काहीही बदलण्याचा अधिकार मिळतो. ती काय करते हे सांगणाऱ्याला समजावून सांगता येत नसेल तर तिचा नाद सोडा.

आम्हाला लिहिताना

तुमचा प्रिंटर अजूनही सापडत नसेल तर जरूर लिहा, पण पत्रात पाच गोष्टी द्या. प्रिंटरच्या पुढच्या बाजूवर छापलेले पूर्ण नाव आणि क्रमांक. लिनक्सचे नाव आणि आवृत्ती. यूएसबी की वायफाय. दुसऱ्या टप्प्यात प्रिंटर चालू केल्यावर ओळ वाढली का, आणि वाढली तर ती ओळ जशीच्या तशी. शेवटचे म्हणजे प्रिंटर पूर्वी कधी चालला होता आणि त्यानंतर काय बदलले : वायर, जागा, राउटर की अपडेट. एवढे कळले तर उत्तर एका पत्रात देता येते. नुसते 'सापडत नाही' एवढेच लिहिले तर तीन-चार पत्रे जातात आणि तोवर अर्जाची तारीख निघून जाते.

दुकानात जाण्याची वेळ आली तरी हीच माहिती चिठ्ठीवर लिहून न्या. "दुसऱ्या टप्प्यापर्यंत ठीक आहे, ड्रायव्हर अडतो आहे," असे सांगणाऱ्या ग्राहकाला नवा प्रिंटर गळ्यात मारणे कोणालाही अवघड जाते.

पुढील महिन्यात याच प्रिंटरच्या झाकणाखालचा स्कॅनर पाहू. छपाई होते पण स्कॅन होत नाही, ही बऱ्याच जणांची पुढची तक्रार आहे आणि तिची वाट थोडी वेगळी आहे.